आकडा कसा तयार होतो, हे कोण शिकवणार?

नवी दिल्लीत मंडी हाऊसच्या चौकातून इंडिया गेटच्या दिशेने जाणारा कोपर्निकस मार्ग पायी चालायला पंधरा-वीस मिनिटे पुरतात. या मार्गावर दूरदर्शन भवन आहे, कमानी सभागृह आहे, कामानिमित्त राजधानीत आलेल्या असंख्य मराठी माणसांनी मुक्काम केलेले जुने महाराष्ट्र सदन आहे आणि फरिदकोट हाऊसमध्ये राष्ट्रीय हरित लवादाचे प्रधान पीठ आहे. दूरदर्शन आणि हरित लवाद यांचा परस्परांशी वरकरणी काहीही संबंध नाही. तथापि गेल्या अर्धशतकात आपल्या सार्वजनिक जीवनात घडलेला एक मोठा बदल या दोन वास्तूंमधून एकत्रच पाहता येतो. एका ठिकाणी चित्र आणि ध्वनी यांचा अ‍ॅनालॉगकडून डिजिटलकडे प्रवास झाला. दुसऱ्या ठिकाणी हवेतील कण, नदीच्या पाण्यातील विरघळलेला प्राणवायू, भोंग्यांचे डेसिबल अशा मोजमापांच्या आकड्यांवर रोज युक्तिवाद होतात. आकडा खरा की खोटा, यावर आपण भांडतो. तो मुळात तयार कसा होतो, हे जाणणारे नागरिक, शिक्षक आणि अधिकारी मात्र फार थोडे आहेत. अ‍ॅनालॉग आणि डिजिटल इलेक्ट्रॉनिक्सची मूलतत्त्वे हा विषय आपण अभियांत्रिकी महाविद्यालयांवर सोपवून मोकळे झालो आहोत. ही चूक आता महाग पडू लागली आहे, असे माझे मत आहे.

ज्यांचे बालपण १९७० आणि १९८० च्या दशकांत गेले त्यांना या विषयाचा पहिला धडा घराच्या छपरावर मिळाला होता. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढे सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे पुण्यातही चित्र दिसू लागले. एकाने गच्चीवर अँटेना फिरवायची, दुसऱ्याने खिडकीतून ओरडून सांगायचे, तिसऱ्याने पडद्यावर नजर ठेवायची, हा घरोघरचा कार्यक्रम होता. संकेत क्षीण झाला की पडद्यावर ‘मुंग्या’ येत. आणखी क्षीण झाला की मुंग्या वाढत. पण त्या मुंग्यांतूनही फलंदाज ओळखू येई. संकेत आणि गोंगाट यांचे प्रमाण हळूहळू बिघडते, हे अ‍ॅनालॉगचे वैशिष्ट्य त्या पिढीने डोळ्यांनी पाहिले. डिजिटल चित्राचे तसे नसते. पाऊस वाढला तरी डीटीएचवरील चित्र काही काळ पूर्णपणे स्वच्छ राहते. मग अचानक चौकटी-चौकटी दिसतात आणि पडदा काळा होतो. बिघाडाची पूर्वसूचना मिळत नाही. सामरिकदृष्ट्या महत्त्वाची मोजकी ठिकाणे वगळता दूरदर्शनने आपले जमिनीवरील अ‍ॅनालॉग प्रक्षेपक मार्च २०२२ पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद केले. तो निर्णय योग्यच होता, कारण डिजिटल पद्धतीत त्याच लहरपट्ट्यात अधिक वाहिन्या मावतात. मात्र त्यासोबत छपरावरची ती शाळाही बंद झाली आणि तिच्या जागी दुसरी कोणतीही उघडली गेली नाही.

या शब्दांविषयी एक गैरसमज रूढ झाला आहे. अ‍ॅनालॉग म्हणजे जुने आणि डिजिटल म्हणजे नवे, असे आपण मानतो. वस्तुतः निसर्ग अ‍ॅनालॉगच आहे. तापमान, आवाज, प्रकाश, हृदयाचे ठोके, यांतील काहीही पायऱ्या-पायऱ्यांनी बदलत नाही. डिजिटल यंत्र या अखंड बदलाचे ठरावीक क्षणी मोजमाप घेते आणि प्रत्येक मापाला जवळच्या पायरीवर बसवते. साध्या डिजिटल टेलिफोनमध्ये आवाजाचे मोजमाप सेकंदाला ८,००० वेळा होते आणि प्रत्येक माप २५६ पायऱ्यांपैकी एकीवर ठेवले जाते. संगीताच्या सीडीसाठी हेच मोजमाप सेकंदाला ४४,१०० वेळा होते आणि पायऱ्या ६५,५३६ असतात. किती वेळा मोजायचे आणि किती पायऱ्या करायच्या, हे कोणीतरी माणसाने ठरवलेले असते. म्हणून प्रत्येक डिजिटल आकड्यामागे एक निर्णय असतो, आणि त्या निर्णयाच्या अलीकडे एक अ‍ॅनालॉग मंडल असते.

शाळेत सहज करता येईल असे एक उदाहरण घेऊ. एलएम-३५ हा तीन पायांचा तापमान-संवेदक दर अंश सेल्सिअसला १० मिलिव्होल्ट देतो. खोलीत २७ अंश तापमान असेल तर त्याच्या पायावर २७० मिलिव्होल्ट मिळतात. विद्यार्थ्यांमध्ये लोकप्रिय असलेला आर्डुइनो उनो हा बोर्ड शून्य ते पाच व्होल्टची पट्टी १,०२४ पायऱ्यांत विभागतो. एक पायरी सुमारे ४.९ मिलिव्होल्टची, म्हणजे जवळजवळ अर्ध्या अंशाची होते. संगणकाच्या पडद्यावर २७.३४ असे दिमाखात उमटले तरी दशांशचिन्हानंतरचे ते आकडे भागाकारातून आलेले असतात, हवेतून नाही. आणखी एक गोष्ट. बोर्डाला पाचऐवजी ४.७ व्होल्टच मिळत असतील, तर पट्टीच आखडते आणि त्याच खोलीचे तापमान साडेअठ्ठावीसच्या घरात दिसू लागते. यंत्र बिघडलेले नसते, आज्ञावलीही अचूक असते. तरीही आकडा चुकीचा असतो. ज्या मुलीने हा प्रयोग स्वतःच्या हाताने केला आहे, ती आयुष्यभर कोणत्याही फलकावरील आकड्याकडे भाबडेपणाने पाहणार नाही.

हा भाबडेपणा शासनव्यवहारात दोन टोकांना जातो. दिल्लीच्या हिवाळ्यात प्रत्येकाच्या हातातल्या फोनवर सूक्ष्म धूलिकणांचा आकडा असतो. स्वस्त संवेदकांमध्ये लेसरचा किरण हवेतील कणांवर आपटून विखुरतो, तो विखुरलेला प्रकाश फोटोडायोडवर पडून अत्यंत क्षीण विद्युतप्रवाह निर्माण होतो, तो वर्धित करून त्याचा आकडा बनवला जातो. हवेत बाष्प अधिक असेल तर काही कण पाणी शोषून फुगतात, अधिक प्रकाश विखुरतात आणि आकडा वास्तवापेक्षा जास्त येतो. हे माहीत नसलेला अधिकारी एकतर त्या आकड्यालाच वेदवाक्य मानतो, किंवा ‘ही सारी खोटी यंत्रे आहेत’ असे म्हणून प्रदूषणच नाकारतो. प्रमाण उपकरणाशी पडताळून दुरुस्त केलेले स्वस्त संवेदक मोठ्या संख्येने लावले, तर ते उपयुक्त ठरतात, हा तिसरा आणि शहाणपणाचा मार्ग त्याला सुचतच नाही.

विजेच्या स्मार्ट मीटरचेही तसेच. देशभरात २५ कोटी मीटर बसवण्याचे केंद्र सरकारचे उद्दिष्ट आहे आणि त्यावरून महाराष्ट्रात झालेला वाद वाचकांच्या स्मरणात असेल. जुन्या मीटरमधली अ‍ॅल्युमिनियमची चकती फिरताना दिसत असे, म्हणून तिच्यावर विश्वास बसे. नवा मीटर व्होल्टेज आणि विद्युतप्रवाह यांची मापे सतत घेऊन त्यांचा गुणाकार करत राहतो. दिसते ती केवळ एक लुकलुकणारी लाल टिकली. पण ती टिकलीही बोलते. मीटरवर ‘युनिटला ३,२०० इम्पल्स’ अशा अर्थाची नोंद असेल, तर घरातील बाकी सारे बंद करून पाणी तापवण्याचा १,००० वॅटचा रॉड तीन मिनिटे चालवावा. एका युनिटचा विसावा भाग, म्हणून टिकली सुमारे १६० वेळा लुकलुकली पाहिजे. मात्र रॉडवरचे १,००० वॅट हे २३० व्होल्टला आहेत. घरी २१० व्होल्टच येत असतील तर तोच रॉड सुमारे ८३० वॅट घेईल, कारण शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, आणि टिकली १३३ च्या आसपास थांबेल. एवढे ज्ञान असलेला ग्राहक सदोष मीटर पकडू शकतो आणि निर्दोष मीटरवर खोटा आळही घेणार नाही. मोर्चा आणि जाहिरात या दोहोंपेक्षा ही तीन मिनिटे लोकशाहीला अधिक उपकारक आहेत.

मी इतिहासाचा पदव्युत्तर विद्यार्थी. सेवेत असताना ‘डिजिटायझेशन’ हा शब्द असलेल्या असंख्य टिपण्यांवर मी स्वाक्षरी केली. त्यांतील यंत्रणा कशी चालते हे विचारण्याचे धैर्य क्वचितच दाखवले. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस एका कार्यालयात नवे संगणक दर उन्हाळ्यात बंद पडत. यंत्रे बदलली, पुरवठादाराला नोटिसा गेल्या, एक समिती नेमली गेली. अखेर वायरलेस विभागातील एका तंत्रज्ञाने खिशातला मल्टिमीटर काढून न्यूट्रल आणि अर्थिंग यांच्यातील व्होल्टेज मोजले. जे जेमतेम एक-दोन व्होल्ट असायला हवे ते कितीतरी पट निघाले. अर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत पडला होता. नवा खड्डा, मीठ, कोळसा आणि पाणी एवढ्यावर प्रश्न मिटला. फायलीत आम्ही दोन वर्षे जे शोधत होतो ते त्याला दोन मिनिटांत सापडले, याची बोचणी मला निवृत्तीनंतर लाल किल्ल्यासमोरच्या लाजपतराय मार्केटमध्ये घेऊन गेली. तेथून आणलेला ब्रेडबोर्ड, मूठभर रेझिस्टर आणि एक मल्टिमीटर यांच्या साहाय्याने मी साठी उलटल्यावर ओहमचा नियम शिकलो. तो पंधराव्या वर्षीच शिकायला हवा होता.

स्वतंत्र भारताच्या इलेक्ट्रॉनिक्स धोरणाचा इतिहास याच दृष्टीने वाचला पाहिजे. १९६२ च्या चीन युद्धाने उघड केलेल्या उणिवांनंतर १९६३ मध्ये होमी भाभा यांच्या अध्यक्षतेखाली इलेक्ट्रॉनिक्स समिती नेमली गेली. तिचा अहवाल १९६६ मध्ये आला. १९६७ मध्ये हैदराबादला ईसीआयएल, १९७० मध्ये केंद्रात स्वतंत्र इलेक्ट्रॉनिक्स विभाग आणि १९७१ मध्ये इलेक्ट्रॉनिक्स आयोग स्थापन झाला. संस्थांची उणीव आपल्याला कधीच नव्हती. यश कोठे मिळाले, हे पाहणे अधिक उद्बोधक आहे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात ‘साइट’ या उपग्रह दूरचित्रवाणी प्रयोगाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत थेट चित्र पोहोचवण्यात आले. उपग्रह अमेरिकेचा होता. पण कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीच्या सुमारे तीन मीटर व्यासाच्या अँटेना आणि त्यामागचे ग्राहक-मंडल अहमदाबादच्या अभियंत्यांनी आपल्या परिस्थितीसाठी घडवले. कार्यक्रमाचे व्यवस्थापन एकनाथ चिटणीस यांच्याकडे होते. वीज नसलेल्या काही गावांत संच बॅटरीवर चालले. त्याच प्रयोगात हजारो प्राथमिक शिक्षकांना दूरचित्रवाणीद्वारे विज्ञान अध्यापनाचे प्रशिक्षणही दिले गेले, ही गोष्ट आज विस्मृतीत गेली आहे.

दुसरे उदाहरण सी-डॉटचे. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या या केंद्रातील तरुण अभियंत्यांनी १२८ जोडण्यांचे ग्रामीण टेलिफोन एक्स्चेंज तयार केले. वातानुकूलनाशिवाय, धूळ आणि उष्मा सोसून चालणारे हे डिजिटल यंत्र जुलै १९८६ मध्ये बेळगाव जिल्ह्यातील कित्तूर येथे पहिल्यांदा कार्यान्वित झाले. उष्णतेने अर्धवाहकाचे गुणधर्म कसे बदलतात आणि कमी वीज खर्चून कमी उष्णता कशी निर्माण करायची, हे मूलभूत ज्ञान त्यामागे होते. परदेशी यंत्राचे माहितीपत्रक वाचून ते साध्य झाले नसते. जेथे मूलतत्त्वे हातात होती तेथे आपण परिस्थितीला उत्तर दिले. जेथे केवळ खरेदी होती तेथे आपण पुढच्या खरेदीची वाट पाहत राहिलो.

आज पुन्हा एक मोठी संधी समोर आहे. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने अर्धवाहक उद्योगासाठी ७६,००० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. चिप-आरेखनासाठी ८५,००० तरुण तयार करण्याचा कार्यक्रम सुरू आहे. शाळांच्या पातळीवर २०१६ पासून सुमारे दहा हजार अटल टिंकरिंग प्रयोगशाळा उभ्या राहिल्या आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये आणखी ५०,००० प्रयोगशाळांची घोषणा झाली. हे स्वागतार्हच आहे. माझी काळजी वेगळी आहे. अशा काही प्रयोगशाळांमध्ये मी जे पाहिले, त्यात तयार सुटे भाग तयार तारांनी जोडणे आणि तयार आज्ञावली उतरवून घेणे यापलीकडे फारसे काही नव्हते. दिवा लागतो, टाळ्या पडतात, छायाचित्र निघते. दिव्याला जोडलेला रेझिस्टर २२० ओहमचाच का, असे विचारले की शांतता पसरते. उत्तर तीन ओळींचे आहे. पुरवठा पाच व्होल्टचा, लाल एलईडी दोन व्होल्ट घेतो, उरतात तीन. पंधरा मिलिअँपियर प्रवाह पुरेसा असेल तर तीन भागिले ०.०१५, म्हणजे २०० ओहम; बाजारात सहज मिळणारे त्याच्या जवळचे मूल्य २२०. या तीन ओळी न येणारा विद्यार्थी जोडणी करतो, पण रचना करू शकत नाही.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, आता सारे काही एका चिपमध्ये सामावले असताना अ‍ॅनालॉगची उठाठेव कशाला? उलट आहे. फोनच्या अँटेनाजवळचे मंडल, बॅटरीचे व्यवस्थापन, मायक्रोफोन, रुग्णालयातील ईसीजी, विजेवरच्या वाहनाचा प्रवाह-संवेदक, या साऱ्यांत अ‍ॅनालॉग चिप असतेच. शिवाय अशा चिपसाठी जगातील सर्वांत प्रगत कारखाना लागतोच असे नाही. मोहालीच्या आपल्या सरकारी प्रयोगशाळेतील १८० नॅनोमीटरच्या जुन्या प्रक्रियेवरही त्या होऊ शकतात. लागते ते दीर्घकाळ मुरलेले ज्ञान, आणि ते उशिरा सुरू करून चालत नाही. दुसरा आक्षेप अभ्यासक्रमाच्या ओझ्याचा. तो रास्त आहे. म्हणूनच मी नवा विषय मागत नाही. ज्या प्रयोगशाळांसाठी पैसा मंजूरच झाला आहे तेथील क्रम बदलावा, एवढेच म्हणतो.

हे ग्रामीण शाळांत शक्य नाही, असे कोणी म्हणेल तर त्याने पुणे जिल्ह्यातील पाबळला जाऊन यावे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी एका मोठ्या कंपनीच्या संशोधन विभागातील नोकरी सोडून १९८३ मध्ये तेथे विज्ञान आश्रम सुरू केला. गावाला लागणाऱ्या सेवा आणि वस्तू हाच अभ्यासक्रम, हाताने काम करता करता शिकणे हीच पद्धत, हे त्यांचे सूत्र होते. त्यातून घडलेला मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम महाराष्ट्रातील अनेक माध्यमिक शाळांपर्यंत पोहोचला. अमेरिकेतील एमआयटीने ‘फॅब लॅब’ ही कल्पना जगात नेली तेव्हा तिच्या अगदी आरंभीच्या ठिकाणांत, २००२ मध्ये, पाबळ होते. दिल्लीने धोरण आखताना परदेशी प्रतिमानांचे दाखले देण्यापूर्वी या गावाचा अनुभव वाचायला हवा.

सूचना चार आहेत. पहिली, प्रत्येक टिंकरिंग प्रयोगशाळेतील पहिले वीस तास तयार सुट्या भागांविना असावेत: बॅटरी, रेझिस्टर, कपॅसिटर, डायोड, ट्रान्झिस्टर आणि मल्टिमीटर. मुलांनी ट्रान्झिस्टर आधी वर्धक म्हणून वापरावा, मग तोच बटणासारखा चालू-बंद करून तर्कद्वार बनवावे. अ‍ॅनालॉग आणि डिजिटल ही एकाच घटकाची दोन रूपे आहेत, हे यातून आपोआप उमगते. दुसरी, अनुदानाचा निश्चित हिस्सा यंत्रांऐवजी माणसांवर खर्च व्हावा. प्रत्येक तालुक्यात आयटीआयच्या ‘इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक’ शाखेतून बाहेर पडलेले तरुण आणि रेडिओ-टीव्ही दुरुस्तीत आयुष्य घालवलेले कारागीर आहेत. त्यांना मानधनावर प्रशिक्षक नेमण्यास कोणताही कायदा बदलावा लागत नाही. तिसरी, ‘साइट’चा वारसा सांगणाऱ्या दूरदर्शनने आणि २०१७ पासून चालू असलेल्या स्वयंप्रभा वाहिन्यांनी शिक्षकांसाठी हा अभ्यासक्रम मराठीसह सर्व भारतीय भाषांत द्यावा. चौथी माझ्याच बिरादरीसाठी. मसुरीच्या प्रशिक्षणात आणि कर्मयोगी अभियानात मल्टिमीटर हातात घेऊन चार दिवसांचे काम अनिवार्य करावे. आणि ज्या आकड्यावर शासकीय निर्णय अवलंबून आहे त्याच्यासोबत उपकरणाचा प्रकार, संभाव्य त्रुटीची मर्यादा आणि शेवटच्या पडताळणीचा दिनांक छापणे बंधनकारक व्हावे.

या चारही गोष्टींचा खर्च एका अर्धवाहक कारखान्याच्या पायाभरणी समारंभाच्या तुलनेतही नगण्य ठरावा. अडचण पैशाची नाही. मोजता येण्याजोगी प्रगती दाखवण्याच्या आपल्या सवयीची आहे. पाच वर्षांनी संसदेत प्रश्न विचारला जाईल, तेव्हा किती प्रयोगशाळा उघडल्या याचे उत्तर अचूक मिळेल. कोपर्निकस मार्गावरच्या महाराष्ट्र सदनात उतरणाऱ्या आपल्या खासदारांना माझी विनंती आहे की, त्यांनी त्यापुढचा प्रश्नही विचारावा: या प्रयोगशाळांतून बाहेर पडलेल्या किती मुलांना तो रेझिस्टर २२० ओहमचाच का, हे सांगता येते?

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी आहेत.)